अल्व्हिओलर की एम्ब्रिओनल? मुलांच्या मृदू-ऊती कर्करोगाच्या निदानाची बदलत गेलेली सीमारेषा

ऊतिनिरीक्षक

मुलांमधील मृदू-ऊती कर्करोग, म्हणजे स्नायू, चरबी, तंतुमय ऊती यांच्या वळणावर जाणाऱ्या पेशींचे सार्कोमा, तसे विरळा आहेत. त्यांतला जवळपास निम्मा वाटा एकट्या रॅब्डोमायोसार्कोमाचा, म्हणजे स्नायूच्या वळणावर जाणाऱ्या पेशींच्या सार्कोमाचा, असतो, आणि अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही तो वर्षाला साधारण साडेतीनशे मुलांनाच होतो. त्यामुळे एखाद्या पॅथॉलॉजिस्टने, म्हणजे ऊती भिंगाखाली तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरने, उभ्या कारकिर्दीत पाहिलेल्या गाठींवरून त्याचे वर्गीकरण ठरवता येत नाही. अनेक रुग्णालयांच्या स्लाइड, म्हणजे काचेवर लावलेले गाठींचे पातळ काप, एका ठिकाणी जमवाव्या लागतात, त्या अनेकांनी पाहाव्या लागतात आणि मग मुलांचे पुढे काय झाले याच्याशी निदान ताडून पाहावे लागते. या कामाचा इतिहास, आणि त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे एक संशोधन, यांवर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

१९५८ साली फिलाडेल्फियाच्या हॉर्न आणि एंटरलाइन यांनी या गाठींचे एम्ब्रिओनल, बॉट्रिऑइड, अल्व्हिओलर आणि प्लिओमॉर्फिक असे चार गट पाडले. अल्व्हिओलर प्रकाराचे वर्णन त्याच्या दोन वर्षे आधी मॉन्ट्रिअलच्या रिओपेल आणि थेरिओ यांनी फ्रेंचमध्ये केले होते. मुलांच्या बाबतीत खरा प्रश्न एम्ब्रिओनल आणि अल्व्हिओलर यांच्यातला आहे, कारण पहिल्याचा परिणाम बराच चांगला असतो आणि दुसरा लवकर पसरतो.

भिंगाखाली नमुनेदार अल्व्हिओलर गाठ ओळखणे अवघड नसते. तंतुमय पडद्यांनी गाठीचे छोटे छोटे कप्पे पाडलेले असतात. कडेच्या गोल, गडद पेशी त्या पडद्यांना एका ओळीत चिकटून बसलेल्या असतात, आणि मधल्या पेशी एकमेकींपासून सुटून पोकळीत पडलेल्या दिसतात. नमुनेदार एम्ब्रिओनल गाठीत फिकट, पाणीदार आधारद्रव्यात कुठे विरळ तर कुठे दाट अशा लांबट आणि गोल पेशी असतात, आणि मधूनच गुलाबी शेपटीची, स्नायूकडे झुकलेली एखादी पेशी सापडते. अडचण या दोन टोकांच्या मधल्या गाठींची आहे. पडदे नसलेली, नुसत्या गोल पेशींची भरीव गाठ कोणत्या गटात घालायची?

१९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील मारिया त्सोकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भरीव गाठी अल्व्हिओलरच मानाव्यात असे मांडले. १९९५ साली ओहायोतील कोलंबसचे विल्यम न्यूटन यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यासाठी वेगवेगळ्या देशांतील सोळा पॅथॉलॉजिस्टनी आठशे गाठी वेगवेगळ्या पद्धतींनी वर्गीकृत करून पाहिल्या होत्या. गाठीत अल्व्हिओलर भाग थोडासा जरी आढळला तरी ती अल्व्हिओलर धरावी, हा दंडक त्यानंतर रूढ झाला. हेतू स्वच्छ होता : धोक्याची गाठ नजरेतून सुटू नये. व्यवहारात मात्र अल्व्हिओलर निदानांचे प्रमाण वाढत गेले.

दरम्यान १९९३ साली अल्व्हिओलर गाठींतील जनुकीय दोषाचा उलगडा झाला होता. दुसऱ्या आणि तेराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन पॅक्स३ आणि फॉक्सओ१ ही जनुके जोडली जातात. काही गाठींत पॅक्स३ च्या जागी पहिल्या गुणसूत्रावरील पॅक्स७ असते. अल्व्हिओलर म्हटलेल्या सुमारे ८० टक्के गाठींत यांपैकी एक जोडजनुक सापडे. उरलेल्या २० टक्क्यांचे काय, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

सिएटलच्या बालरोग रुग्णालयातील पॅथॉलॉजिस्ट एरिन रुड्झिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले काम नेमके या जागी येते. अमेरिकेतील चिल्ड्रेन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप या, मुलांच्या कर्करोगावर उपचार-चाचण्या घेणाऱ्या गटाच्या १९९९ ते २००५ या काळातील एका उपचार-चाचणीत अल्व्हिओलर म्हणून नोंदलेल्या गाठींच्या स्लाइड त्यांनी पुन्हा काढल्या आणि अधिक काटेकोर निकषांनी वाचल्या. त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश गाठी वास्तविक दाट पेशींच्या एम्ब्रिओनल गाठी निघाल्या. गट बदललेल्या या गाठींत जोडजनुक नव्हते आणि त्या मुलांचा पुढचा प्रवास इतर एम्ब्रिओनल रुग्णांसारखाच झाला होता.

नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, कपाटातल्या जुन्या काचा तेवढ्या पुन्हा भिंगाखाली घातल्या. आमच्या शाखेत अशा कामाला वलय नसते, पण मुलांच्या उपचारावर याचा झालेला परिणाम अनेक गाजलेल्या शोधांपेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे.

शंतनू_ठाणे

लेख आवडला. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, वैद्यकाचा नाही, त्यामुळे त्या बाजूने एक मुद्दा मांडतो.

निकष सैल केल्यावर बऱ्या परिणामाच्या गाठी वाईट परिणामाच्या गटात सरकल्या, तर त्या गटाची सरासरी आपोआप सुधारते. एकाही रुग्णाचे आयुष्य वाढलेले नसते, तरीही तक्त्यात प्रगती दिसते. फाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या टप्प्यांबाबत हा प्रकार दाखवून दिला होता आणि त्याला विल रॉजर्स परिणाम असे नाव दिले होते. त्या काळात अल्व्हिओलर गटाचे निष्कर्ष आधीच्या चाचण्यांशी ताडून कोणी ‘नव्या उपचाराने सुधारणा झाली’ असे म्हटले असेल, तर त्यातला किती भाग औषधाचा आणि किती गटबदलाचा, हे स्लाइड पुन्हा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

माझी शंका अशी की, पुन्हा वाचणाऱ्यांना जोडजनुकाचा निकाल आधीच माहीत असेल तर त्यांची नजर त्या बाजूला झुकू शकते. शिवाय जोडजनुकाची चाचणी उपलब्ध असताना भिंगाखालच्या रूपावरून वाद घालायचाच कशाला?

ऊतिनिरीक्षक

शंतनू, विल रॉजर्स परिणामाचा मुद्दा येथे चपखल बसतो.

नजर झुकण्याची शंका रास्त आहे. मात्र या निष्कर्षाला दुसऱ्या दिशेनेही पुष्टी मिळालेली आहे. विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले होते की जोडजनुक नसलेल्या अल्व्हिओलर गाठी रोगाच्या वाटचालीत आणि जनुकांच्या वर्तनातही एम्ब्रिओनल गाठींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणजे एकाने जनुकांकडून सुरुवात केली, दुसऱ्याने काचेवरून, आणि दोघे एकाच ठिकाणी पोहोचले. पॅथॉलॉजिस्ट डेव्हिड पारहॅम यांनीही चिल्ड्रेन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपसाठी भिंगाखालचे रूप आणि जोडजनुक यांची सांगड कितपत बसते, हे वर्षानुवर्षे तपासले आहे.

रूपावरून वाद कशाला, या प्रश्नाचे उत्तर असे की जोडजनुकाची चाचणी मागवायची हे तरी कोण ठरवणार? गाठ आधी रॅब्डोमायोसार्कोमा आहे हे ओळखावे लागते. गोल, निळ्या, लहान पेशींच्या गाठी मुलांमध्ये कितीतरी आहेत : ल्युकेमिया, लिम्फोमा, न्यूरोब्लास्टोमा, युइंग सार्कोमा. जोडजनुक असलेला रॅब्डोमायोसार्कोमा अस्थिमज्जेत पसरून थेट ल्युकेमियाचे सोंग घेऊ शकतो. काही अल्व्हिओलर गाठींत केराटिन आणि सिनॅप्टोफायसिन ही रंजके चढतात, आणि डेस्मिन, मायोजेनिन ही स्नायूची ओळख पटवणारी रंजके लावलीच नाहीत तर भलत्याच कर्करोगाचे निदान होते. उलट डेस्मिन चढले म्हणून रॅब्डोमायोसार्कोमा ठरवावा तर डेस्मोप्लास्टिक या गोल पेशींच्या वेगळ्या गाठीतही डेस्मिन चढते, पण तिथे ते केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखे दिसते. असे बारकावे पाहणाऱ्याच्या डोळ्याला ठाऊक नसतील तर महागड्या चाचण्या चुकीच्या प्रश्नाला बिनचूक उत्तर देत राहतात.

मायोजेनिनबद्दल थोडे आणखी. हे रंजक केंद्रकातच चढले तर धरायचे. अल्व्हिओलर गाठीत बहुतेक सगळी केंद्रके गडद तपकिरी होतात, एम्ब्रिओनल गाठीत ती इथे चार, तिथे दहा अशी विखुरलेली असतात. दाट एम्ब्रिओनल गाठ साध्या रंगात फसवी दिसली तरी मायोजेनिन लावले की पुष्कळदा तिचा विरळ नमुना उघडा पडतो.

बालरोग_सोलापूर

डॉक्टर, आमच्याकडे मूल येते तेव्हा गाठीला नाव नसते. डोळा चार-सहा आठवड्यांत पुढे आलेला असतो आणि संसर्ग समजून प्रतिजैविके देऊन झालेली असतात. किंवा वृषणाशेजारी न दुखणारी गाठ असते आणि कोणीतरी ती हायड्रोसील, म्हणजे साचलेले पाणी, समजून अंडकोशाच्या त्वचेतूनच उघडलेली असते. खरे तर वृषणाशेजारच्या संशयित गाठीकडे जांघेतून जायला हवे, पण हे कळेपर्यंत पुढच्या उपचाराची दिशा बिघडलेली असते.

माझा प्रश्न व्यवहाराचा आहे. तालुक्याच्या ठिकाणी सुईने पेशी काढून तपासणे सहज होते आणि पालकही त्याला तयार असतात. तेवढ्यावर भागते का?

ऊतिनिरीक्षक

शंका पक्की करायला भागते, उपचार ठरवायला भागत नाही. सुईच्या तपासणीत ‘लहान गोल पेशींची घातक गाठ’ इतपत कळते. त्यापुढे रंजके, जोडजनुक आणि अलीकडे कळलेली उत्परिवर्तने, म्हणजे जनुकांतले बदल, तपासायची तर ऊतीचा खरा तुकडा लागतो, म्हणजे जाड सुईने काढलेले अनेक तुकडे किंवा छोटी उघडी बायोप्सी. आणि एक विनंती सर्वच शल्यचिकित्सकांना : निदानाआधी ‘दिसली म्हणून काढून टाकली’ असे करू नये. गाठीच्या कडा मोकळ्या आहेत की नाहीत यावर मुलाचा शस्त्रक्रियेनंतरचा गट ठरतो, आणि तुकड्या-तुकड्यांत, दिशा न दाखवता आलेल्या गाठीच्या कडा आम्हाला सांगताच येत नाहीत.

वसुधा_जोशी

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. माझ्या भाच्याला हाच आजार होता, म्हणून हा धागा दोनदा वाचला. पहिल्या प्रयोगशाळेच्या अहवालात अल्व्हिओलर लिहिले होते. मुंबईला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आधीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, आणि स्लाइड मागवून घेतल्या आणि सगळे पुन्हा तपासले. त्यात बरेच दिवस गेले. घरातल्या सगळ्यांचे म्हणणे होते की एकदा कर्करोग म्हटल्यावर उपचार सुरू करा, नावावरून कसला खल करता? अखेर अहवाल एम्ब्रिओनल, जोडजनुक नाही, असा आला. नावाने उपचारात नेमका काय फरक पडतो हे आम्हाला तेव्हा कोणी नीट सांगितले नाही. येथे समजावून सांगाल का?

ऊतिनिरीक्षक

वसुधाताई, तुमच्या भाच्याच्या उपचारांबद्दल मी काही बोलणे योग्य होणार नाही, पण सर्वसाधारण उत्तर देतो.

मुलाचा धोक्याचा गट अनेक गोष्टींवरून ठरतो : गाठीची जागा, आकार, वय, रोग पसरला आहे का, शस्त्रक्रियेत किती गाठ निघाली, आणि गाठीचा प्रकार. अमेरिकी पद्धतीत अल्व्हिओलर निदान आले की मूल कमी धोक्याच्या गटात बसतच नसे. उपचाराचा कणा व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या तीन औषधांचा आहे. युरोपात तिसऱ्याच्या जागी आयफॉस्फामाइड वापरतात. कमी धोक्याच्या गटात सायक्लोफॉस्फामाइडची एकूण मात्रा बरीच कमी ठेवता येते. हे औषध जितके जास्त जाते तितका पुढे अपत्यक्षमतेला धक्का बसण्याचा संभव वाढतो, मुलग्यांमध्ये विशेष. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी समोर येतो. गाठ चुकून अल्व्हिओलर ठरली तर मूल बरे होते, पण गरज नसलेली किंमत मोजून. उलट चूक झाली तर उपचार अपुरा पडतो, आणि ती चूक अधिक भयंकर, म्हणूनच जुना दंडक तसा झुकलेला होता.

आता चिल्ड्रेन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या चाचण्यांत अल्व्हिओलर या शब्दाऐवजी फॉक्सओ१ जोडजनुक आहे की नाही यावरून गट पाडतात. पुन्हा तपासणीत गेलेले दिवस घरच्यांना असह्य होतात हे मी जाणतो, पण ते वाया गेलेले नसतात. रुग्णालय बदलल्यावर ब्लॉक मागवून फेरतपासणी करणे हा मोठ्या केंद्रांचा शिरस्ता आहे, आणि तो पहिल्या प्रयोगशाळेवरचा अविश्वास समजू नये.

जनुकवेधी

मी जर्मनीत रेण्वीय निदानाच्या प्रयोगशाळेत काम करतो. जोडजनुकाची चाचणी प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो, म्हणजे वाचकांना त्यात गूढ वाटणार नाही. फिश पद्धतीत फॉक्सओ१ जनुकाच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवे चमकणारे रंजक चिकटवतात. जनुक अखंड असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांना खेटून पिवळसर दिसतात. ते तुटले असेल तर निळ्या केंद्रकात लाल एकीकडे आणि हिरवा दुसरीकडे पडतो. अशी पुरेशी केंद्रके मोजून निकाल देतात. जोडीदार पॅक्स३ आहे की पॅक्स७ हे मात्र यातून कळत नाही, त्यासाठी आरएनएवर आधारित चाचणी लागते.

आता मतभेदाचा मुद्दा. ऊतिनिरीक्षक डोळ्याला जितके महत्त्व देतात तितके ते यापुढे राहील असे मला वाटत नाही. हायडेलबर्गच्या गटाने २०२१ साली डीएनएच्या मेथिलीकरणावरून, म्हणजे डीएनएवर लागलेल्या रासायनिक खुणांवरून, सार्कोमांचे संगणकीय वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि त्यात ६२ वर्ग होते. त्याच वर्षी शर्न आणि सहकाऱ्यांनी अमेरिका व ब्रिटनमधील ६४१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास मांडला. जोडजनुक नसलेल्या, म्हणजे ‘चांगल्या’ समजल्या जाणाऱ्या गाठींतही मायोडी१ किंवा टीपी५३ या जनुकांत उत्परिवर्तन असेल तर परिणाम वाईट असतो, हे त्यातून ठळक झाले. असे उत्परिवर्तन भिंगातून दिसत नाही.

ऊतिनिरीक्षक

टीपी५३ दिसत नाही हे मान्य, जरी अवाढव्य, वेडीवाकडी केंद्रके पाहून त्याचा संशय घेता येतो. मायोडी१ च्या बाबतीत इतिहास तुमच्या म्हणण्याच्या उलट आहे. लांबट पेशींच्या आणि काचेसारख्या कठीण आधारद्रव्यात अडकलेल्या पेशींच्या गाठी वेगळ्या आहेत, हे पॅथॉलॉजिस्टनी रूपावरून आधी ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र गट मिळाला, आणि त्यांतल्या अनेकांत मायोडी१ चे उत्परिवर्तन आहे हे २०१४ साली पुढे आले. एरवी लांबट पेशींची गाठ सौम्य मानायचा प्रघात होता. तान्ह्या मुलांतल्या काही लांबट पेशींच्या गाठींत व्हीजीएलएल२ किंवा एनसीओए२ यांची जोडजनुके सापडतात आणि त्या खरोखरच बऱ्या वागतात. इटलीच्या पॅथॉलॉजिस्ट रिता अलाज्जो यांच्या गटाने २०१६ साली ते दाखवले. एकच रूप, दोन टोकांची वागणूक. येथे तुमच्या यंत्राशिवाय माझे भागत नाही, हे मी आनंदाने मान्य करतो.

मेथिलीकरणाच्या वर्गीकरणाबद्दल एवढेच म्हणेन की त्याला शिकवण्यासाठी वापरलेल्या गाठींची नावे पॅथॉलॉजिस्टनीच दिलेली होती.

याच संदर्भात तान्ह्या मुलांच्या फायब्रोसार्कोमाचा उल्लेख करायला हवा. व्हँकुव्हरचे पॅथॉलॉजिस्ट पूल सोरेन्सन यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली त्यातील ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ यांचे जोडजनुक शोधले, तेव्हा त्याचा उपयोग निदानापुरताच होता. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला मान्यता मिळाली, आणि ज्या बाळाचा हात किंवा पाय जाण्याची भीती असे त्याची गाठ औषधानेच आकसवून अवयव वाचवण्याचा मार्ग खुला झाला. निदानासाठी काढलेली खूण वीस वर्षांनी औषधाचे लक्ष्य ठरली.

बालरोग_सोलापूर

टीपी५३ चा विषय निघाला आहे तर पालक नेहमी विचारतात तो प्रश्न मांडतो. हे आनुवंशिक असते का? दुसऱ्या मुलाला होईल का?

जनुकवेधी

बहुतेक मुलांत नसते. पण आनुवंशिक कर्करोगाचा एक मोठा धागा याच आजारातून हाती लागला. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी यांनी १९६९ साली रॅब्डोमायोसार्कोमा झालेल्या ६४८ मुलांच्या नोंदी चाळल्या आणि त्यांत चार कुटुंबे अशी सापडली की मुलांना सार्कोमा आणि तरुण आयांना किंवा नातलगांना स्तनाचा व इतर कर्करोग. ली-फ्रॉमेनी सिंड्रोमची सुरुवात तिथे झाली. त्यामागे टीपी५३ आहे हे १९९० मध्ये कळले. डॉक्टरांनी वर म्हटलेली वेडीवाकडी केंद्रके अहवालात नोंदलेली असतील, किंवा किशोरवयीन मुलीच्या गर्भाशयमुखाची एम्ब्रिओनल गाठ असेल, तर अनुक्रमे टीपी५३ आणि डायसर१ या जनुकांसाठी आनुवंशिकी सल्ला घ्यावा.

शंतनू_ठाणे

जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण मुलांसाठी वेगळे आहे का? आतापर्यंतच्या चर्चेवरून मोठ्यांच्या पुस्तकात मुलांच्या गाठी कोपऱ्यात बसवल्या असाव्यात असे वाटते.

ऊतिनिरीक्षक

तसेच होते. मुलांच्या गाठींचा पहिला स्वतंत्र खंड २०२२ साली आला. २०२० च्या मृदू-ऊती खंडात रॅब्डोमायोसार्कोमाचे एम्ब्रिओनल, अल्व्हिओलर, लांबट पेशींचा व स्क्लेरोझिंग (वर सांगितलेला, कठीण आधारद्रव्याचा), आणि प्लिओमॉर्फिक असे चार प्रकार आहेत. यांतला प्लिओमॉर्फिक प्रौढांचा. बॉट्रिऑइड, म्हणजे मूत्राशय किंवा योनिमार्गात द्राक्षांच्या घडासारखी लोंबणारी गाठ, आता एम्ब्रिओनलमध्येच धरतात.

वसुधा_जोशी

उत्तरांबद्दल सर्वांची आभारी आहे. एक शेवटचे विचारते. आमच्याकडे मूळ स्लाइडची पाकिटे आणि मेणाचे दोन ब्लॉक अजून घरी आहेत. ते ठेवायचे की टाकायचे? आणि एखाद्या कुटुंबाला आज बायोप्सीला जायचे असेल तर त्यांनी काय विचारावे?

ऊतिनिरीक्षक

ब्लॉक टाकू नका. कोरड्या, थंड जागी, कपाटात, उन्हापासून दूर ठेवा. फ्रिज चालेल, पण गरज नाही. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून नेऊ नका, मेण वितळते. रोग उलटला किंवा नवी चाचणी निघाली तर याच ब्लॉकमधून काप घेता येतात. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात पोच घेऊन जमा करा. घरी ठेवायचेच असतील तर पाकिटावर मुलाचे नाव, बायोप्सीचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि अहवालाची प्रत सोबतच ठेवा. क्रमांक नसलेला ब्लॉक आमच्या काही उपयोगाचा नसतो.

बायोप्सीआधी विचारायचे ते एवढेच : तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, जाणार आहे ना? सलाइनमध्ये रात्रभर राहिलेला तुकडा सकाळी कुजायला लागलेला असतो. फॉर्मॅलिन दहा टक्क्यांचे, बफर केलेले असावे. हाडाचा भाग असेल तर तो तीव्र आम्लात मऊ करू नये, कारण त्यात डीएनए नष्ट होतो आणि पुढे फिश होत नाही. त्यासाठी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरता येते. तुकडे दोन-तीन असतील तर ते एकाच ब्लॉकमध्ये न कोंबता वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये घालायला सांगा, म्हणजे रंजकांच्या चाचण्यांत एक संपला तरी जनुकीय चाचणीसाठी दुसरा उरतो.